वाचलेले आपले कसे होते

दहावीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकाची घडण अशी असते की, धड्याखालच्या प्रश्नाचे उत्तर त्याच धड्यात, आणि बहुधा एकाच परिच्छेदात, सलग सापडते; ते शोधून वहीत उतरवणे व परीक्षेच्या दिवशी आठवून पुन्हा लिहिणे यालाच बहुतेक विद्यार्थी अभ्यास समजतात आणि त्यावर त्यांना चांगले गुणही मिळतात. अकरावीत आल्यावर मात्र पुस्तकाचा स्वभाव बदलतो. अर्थशास्त्राचे पुस्तक एखादे विधान मांडते, त्याच्या पुष्ट्यर्थ कारणे देते, त्यावर घेतले जाणारे आक्षेप नोंदवते आणि अखेरीस आपले मत मर्यादा घालून सांगते. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, जीवशास्त्र यांच्या पुस्तकांतही कमी-अधिक प्रमाणात हेच घडते. अशा मजकुरात उत्तर एका जागी मिळत नाही, कारण तेथे लेखक माहिती पुरवण्यावर न थांबता युक्तिवाद करीत असतो, म्हणजे एक गोष्ट खरी मानण्यासाठी दुसऱ्या गोष्टींचा आधार देत असतो. अशा मजकुराचे वाचन आणि तशाच प्रकारचे स्वतःचे लेखन यांना इंग्रजीवरून ‘अकादमिक’ हे विशेषण लावण्याची पद्धत आता रुळली आहे; येथे त्यांना अभ्यासवाचन व अभ्यासलेखन असे म्हटले आहे. ही दोन्ही कौशल्ये शिकवावी लागतात, ती वयाबरोबर आपोआप येत नाहीत. तरीही ती शिकवण्याचे काम नेमके कोणाचे, हे सहसा ठरलेले नसते: विषयशिक्षकाला ते भाषाशिक्षकाचे वाटते, भाषाशिक्षकापुढे साहित्याचा अभ्यासक्रम उभा असतो, आणि विद्यार्थी दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहतो.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवलेल्या १०+२+३ या आकृतिबंधातील मधली दोन वर्षे शाळा आणि विद्यापीठ यांना जोडणारा पूल म्हणून योजलेली होती. महाराष्ट्रात ती कनिष्ठ महाविद्यालयात, म्हणजे कोठे शाळेला जोडलेल्या तर कोठे वरिष्ठ महाविद्यालयाला जोडलेल्या वर्गांत, पार पडतात. २०१९ मध्ये अकरावीची आणि २०२० मध्ये बारावीची नवी पाठ्यपुस्तके आली, तेव्हा या कौशल्यांना अभ्यासक्रमात काही जागा मिळाली, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. बारावीच्या मराठी ‘युवकभारती’त उपयोजित मराठी या विभागाखाली अहवाल, माहितीपत्रक, मुलाखत व वृत्तलेख यांचा समावेश झाला, इंग्रजीच्या पुस्तकात टिपणे काढणे व सारांश लिहिणे आले, ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या अनिवार्य विषयासाठी तर प्रत्येक विद्यार्थ्याला प्रकल्प करावाच लागतो. अन्य देशांनी हे काम आपापल्या रीतीने केले आहे. फिलिपिन्सने २०१३ च्या कायद्याने शालेय शिक्षणात अकरावी-बारावीची भर घातली, तेव्हा वाचन व लेखन कौशल्ये हा सर्व शाखांना सक्तीचा स्वतंत्र विषयच ठेवला. फ्रान्समध्ये बाकालोरेआ या शालान्त परीक्षेत तत्त्वज्ञानाच्या एका प्रश्नावर चार तास बसून सुसंगत निबंध लिहावा लागतो. आणि इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या अभ्यासक्रमाच्या पदविकेसाठी विद्यार्थ्याला स्वतः निवडलेल्या प्रश्नावर चार हजार शब्दांपर्यंतचा शोधनिबंध सादर करावा लागतो. आपल्याकडील जलसुरक्षेचा प्रकल्प हे याच जातीचे काम आहे, आणि म्हणूनच पुढील विवेचनासाठी तोच नमुना म्हणून घेतला आहे.

प्रकल्पाकडे वळण्यापूर्वी भाषेचा विचार करायला हवा, कारण विद्यार्थ्याची पहिली ठेच तेथेच लागते. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक महत्त्वाचा भेद मांडला: रोजच्या व्यवहारात बोलण्यापुरती लागणारी भाषा वेगळी आणि अभ्यासासाठी लागणारी भाषा वेगळी. दुसऱ्या देशातून आलेले मूल नव्या भाषेत दोनेक वर्षांत सफाईने बोलू लागते, पण त्याच भाषेत शिकण्या-लिहिण्याच्या बाबतीत वर्गमित्रांच्या बरोबरीला यायला त्याला साधारण पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावी विज्ञानाला इंग्रजी पुस्तके हाती घेणाऱ्या मुलामुलींची अडचण या भेदामुळे नीट उमगते. त्यांना इंग्रजी बोलता येत नाही, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात अडते ते अभ्यासाच्या इंग्रजीत, आणि ती अवगत करायला मिळणारी मुदत दोन वर्षांची असते. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द प्रकाश आणि संश्लेषण असा फोडला की अर्ध्याहून अधिक अर्थ हाती येतो. ‘फोटोसिंथेसिस’ हा शब्द मात्र ग्रीक न जाणणाऱ्याला नुसता पाठ करावा लागतो. म्हणून अशा विद्यार्थ्याने दोन्ही संज्ञा एकाच ओळीत लिहिलेली वही बाळगणे हा कमीपणा नसून अर्थापर्यंत पोचण्याचा सरळ मार्ग आहे, आणि शासनाच्या भाषा संचालनालयाने तयार केलेले निरनिराळ्या विषयांचे परिभाषा कोश व मराठी विश्वकोश त्यासाठी उपलब्ध आहेत.

मराठी माध्यमातच शिकत राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही ही पायरी चढावी लागते. ‘यंदा पाऊस कमी झाला म्हणून विहिरी लवकर आटल्या’ हे घरातले वाक्य पुस्तकात ‘पर्जन्यमानातील घटीमुळे भूजलपातळी नेहमीपेक्षा आधी खालावली’ असे होते. क्रियापदांची जागा नामे घेतात, कर्ता लोप पावतो आणि दोन घटना एका लांब पदबंधात सामावतात. ही रचना अवघड आहे यात शंका नाही, पण ती निष्कारण नाही: ‘पर्जन्यमानातील घट’ असे नाम एकदा तयार झाले की, ती घट किती, कोठे, कशाने, असे प्रश्न त्या नामाला विचारता येतात आणि विवेचन पुढे सरकते. मात्र ज्या लेखनात पुढे विचारच जायचा नाही, तेथे अशा नामांची गर्दी वाक्याला नुसते जड करते. विद्यार्थ्याने पुस्तकी वाक्य बोलीत आणि बोलीतले वाक्य पुस्तकी भाषेत फिरवण्याचा सराव केला, तर ही भाषा त्याला परकी राहत नाही.

वाचनाच्या पद्धतींमध्ये सर्वांत प्रसिद्ध पद्धत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी आपल्या १९४६ च्या पुस्तकात सांगितली. धावता आढावा, प्रश्न, वाचन, पाहिल्याविना कथन आणि फेरतपासणी असे तिचे पाच टप्पे आहेत. प्रकरण वाचण्याआधी मथळे, पोटमथळे, आकृत्या व शेवटचा परिच्छेद नजरेखालून घालायचा. प्रत्येक मथळ्याचा प्रश्न करायचा. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वाचायचे. पुस्तक मिटून ते उत्तर स्वतःला सांगायचे. आणि काही काळाने पुन्हा पडताळायचे. पाचांपैकी दुसरा टप्पा विद्यार्थी सर्वांत आधी गाळतात, पण पद्धतीचे सारे बळ त्यातच आहे. ‘भूजलाचे पुनर्भरण’ हा मथळा ‘जमिनीखालचे पाणी कशाने भरून येते आणि कशाने येत नाही?’ असा प्रश्न होऊन समोर आला की वाचणाऱ्याला काय शोधायचे ते कळते, कोणता मजकूर सावकाश वाचायचा आणि कोणत्या उदाहरणावरून पुढे सरकायचे हेही समजते. प्रश्नावाचून केलेल्या वाचनात प्रत्येक ओळ सारख्याच महत्त्वाची दिसते, आणि मग पानभर अधोरेखन होते.

अधोरेखनाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण रंगीत हायलायटर हे आज अभ्यासाचे चिन्हच बनले आहे. जॉन डनलोस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा तंत्रांविषयीचे तोवरचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा अधोरेखन आणि पुन्हापुन्हा वाचन ही दोन सर्वांत लोकप्रिय तंत्रे कमी उपयोगाच्या गटात पडली. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अनेक दिवसांत विभागून करणे ही दोन तंत्रे मात्र सर्वांत वर आली. याच पाहणीत सारांशलेखनही कमी उपयोगाच्या गटात गेले, पण त्यामागचे एक मुख्य कारण असे की, सारांश कसा करावा हेच पुष्कळ विद्यार्थ्यांना येत नाही आणि त्यासाठी बरेच प्रशिक्षण द्यावे लागते. हे निरीक्षण लक्षात ठेवण्यासारखे आहे: तंत्र दुबळे नाही, ते शिकवले जात नाही. त्याआधी २००६ मध्ये हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनी एक प्रयोग केला होता. त्यात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीलाच विद्यार्थी समज मानतो; न पाहता लिहू लागल्यावर समजेतली पोकळी उघडी पडते.

या प्रयोगाचा व्यवहारातील उपयोग टिपणवहीत दिसतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी सुचवलेली टिपणाची रचना १९६२ च्या त्यांच्या पुस्तकामुळे जगभर पोचली. पानाच्या डाव्या बाजूला उभी रेघ मारून अरुंद पट्टी सोडायची, उजव्या रुंद भागात वाचताना किंवा ऐकताना टिपणे घ्यायची, नंतर डाव्या पट्टीत त्या टिपणांना उत्तर असणारे प्रश्न लिहायचे, आणि तळाशी दोन-तीन वाक्यांत पानाचे सार मांडायचे. उजवी बाजू झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरे देता आली की ते पान खरोखर वाचून झाले. दोनशे पानी वहीवर पट्टीने रेघ मारण्यापलीकडे याला कसलाही खर्च नाही.

आता प्रकल्पाकडे. समजा, एका विद्यार्थिनीने ‘आपल्या गावातील विहिरी मार्चमध्येच का आटतात?’ हा प्रश्न घेतला आहे आणि तिच्यासमोर पुढील आशयाचा परिच्छेद आहे: दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडक कठीण व घट्ट असल्याने त्याच्या अंगात पाणी साठायला फार थोडी जागा असते, पावसाचे पाणी खडकाच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते व उथळ विहिरींना मुख्यत्वे हेच पाणी मिळते, खोल विंधन विहिरी या थराखाली जातात आणि तेथील पाणी भरून यायला दीर्घ काळ लागू शकतो. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या या खडकाने व्यापलेला आहे, त्यामुळे हा परिच्छेद राज्यातील बहुतेक विद्यार्थ्यांच्या पायाखालच्या जमिनीविषयीच बोलतो.

बहुसंख्य प्रकल्पवह्यांत या परिच्छेदाचे एक तर जसेच्या तसे उतरवलेले रूप आढळते, किंवा ‘कठीण’च्या जागी ‘टणक’, ‘साठते’च्या जागी ‘जमा होते’ असे शब्द बदललेले रूप आढळते. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थी कष्ट घेतो आणि आपण स्वतःच्या शब्दांत लिहिले असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. पण वाक्यांचा क्रम, त्यांची जोडणी व त्यामागचा विचार मूळ लेखकाचाच राहतो. स्वतःच्या शब्दांत मांडणी करण्याची रीत उलट्या दिशेने जाते. परिच्छेद दोनदा वाचून पुस्तक मिटायचे, आपला प्रश्न समोर ठेवायचा आणि त्या प्रश्नाला हा मजकूर काय उत्तर देतो एवढेच लिहायचे. तसे केल्यावर त्या विद्यार्थिनीचे वाक्य साधारण असे उतरेल: ‘गावाच्या विहिरींची टाकी म्हणजे खडकाचा वरचा झिजलेला थर असून ती लहान आहे, ती पावसाळ्यात भरते, म्हणून पावसाळ्यानंतर तिच्यातून किती वेगाने उपसा होतो यावर विहीर कोणत्या महिन्यात आटेल हे बरेचसे अवलंबून असावे.’ येथे ‘टाकी’ ही उपमा तिची आहे, उपशाच्या वेगाचा मुद्दा तिने परिच्छेदावरून काढलेले अनुमान आहे, आणि मार्च महिन्याचा प्रश्न त्या वाक्याच्या केंद्रस्थानी आहे. वाचलेले आपले होते ते या ठिकाणी. टिपण हे वाचन आणि लेखन यांच्यामधले खरे घर आहे. तेथे थांबल्यावाचून पुस्तकातून थेट उत्तरपत्रिकेत गेलेला मजकूर विद्यार्थ्याला स्पर्श न करताच पुढे जातो.

तिच्या वाक्याच्या शेवटी असलेला ‘असावे’ हा शब्दही सहज आलेला नाही. अभ्यासलेखनात विधान जेवढा आधार असेल तेवढेच ताणावे लागते, आणि त्यासाठी मराठीने फार बारीक साधने दिली आहेत, ज्यांकडे व्याकरणाच्या तासाला क्वचितच या दृष्टीने पाहिले जाते. ‘विंधन विहिरींमुळे पाणीपातळी खालावली’, ‘विंधन विहिरींमुळेच पाणीपातळी खालावली’ आणि ‘विंधन विहिरींमुळेही पाणीपातळी खालावली’ ही तीन वाक्ये एका अक्षराच्या फरकाने तीन वेगळे दावे करतात. पहिले एक कारण सांगते. दुसरे अन्य सर्व कारणे नाकारते, म्हणून ते लिहिणाऱ्याने पाऊस, पीकपद्धती, वाढलेली वस्ती ही कारणे तपासून बाद केलेली असली पाहिजेत. तिसरे इतर कारणे मान्य करून त्यांत एकाची भर घालते. बोलताना ठासून सांगण्यासाठी ‘च’ सहज येतो आणि तेथे तो शोभतोही, पण लेखनात प्रत्येक ‘च’पाशी थांबून त्याचा पुरावा मागावा, एवढी एकच सवय लागली तरी विद्यार्थ्याचे लेखन पुष्कळ सुधारते. तीच गोष्ट ‘म्हणे’ या शब्दाची. ‘पूर्वी या ओढ्याला मेपर्यंत पाणी असायचे म्हणे’ असे म्हणताना बोलणारा माहिती ऐकीव असल्याचे इमानाने सांगत असतो. अभ्यासलेखन त्याच्या पुढचा प्रश्न विचारते, की हे कोण म्हणते, त्याने ते स्वतः पाहिले आहे काय, आणि कोणत्या वर्षांविषयी म्हणते. गावातील सत्तरीच्या वृद्धांची मुलाखत घेऊन त्यांचे वय, मुलाखतीचा दिनांक व त्यांचे सांगणे नोंदवले, की ‘म्हणे’चे रूपांतर संदर्भात होते.

दावा आणि आधार यांची जोडणी हा या लेखनाचा गाभा होय. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, दावा आणि त्याचा आधार यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट असते, जी बहुधा बोलून दाखवली जात नाही: या आधारावरून या दाव्यापर्यंत जाता येते असे मानण्याचे कारण. भारतीय न्यायशास्त्राच्या परिचितांना येथे व्याप्तीची आठवण होईल. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे, हा हेतू. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे व्याप्तीसह उदाहरण. तसाच धूर या डोंगरावर आहे, हा उपनय. म्हणून येथे अग्नी आहे, हे निगमन. या पाच अवयवांतील तिसरा वगळला तर धूर आणि अग्नी यांचा संबंध कोठून आला ते कळत नाही. विद्यार्थ्यांच्या लेखनात नेमका हाच अवयव गळतो: ते दावा लिहितात, आकडा लिहितात, आणि त्या आकड्यावरून तो दावा कसा निघतो हे वाचणाऱ्याने समजून घ्यावे असे गृहीत धरतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे या दृष्टीने फार बोधक उदाहरण आहे, आणि जलसुरक्षेच्या कितीतरी प्रकल्पांत ते येते. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने सिंचनासाठी विंधन विहिरी घेण्यावर बंदी घातली, उसासारखी जास्त पाणी पिणारी पिके टाळली, डोंगरउतारावर चर खोदले, झाडे राखली, आणि दरवर्षीच्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची प्रथा पाडली. गावाच्या विहिरींना पाणी आले. यावरून ‘विंधन विहिरींवर बंदी घातल्याने पाणी वाढते’ असे वाक्य विद्यार्थी लिहितात. ते खोटे नाही, पण सिद्धही होत नाही, कारण त्या गावात चार-पाच उपाय एकाच काळात झाले आणि त्यांपैकी कोणत्या उपायाचा वाटा किती हे केवळ त्या गावाकडे पाहून वेगळे काढता येत नाही. सावध लेखक येथे दोन मार्गांपैकी एक घेईल: एक तर ‘उपसा मर्यादित ठेवणे आणि पाणी मुरवणे हे दोन्ही एकत्र केल्यावर या गावाची पाणीस्थिती सुधारली’ एवढाच दावा करील, किंवा पाणी मुरवण्याची कामे झाली पण उपशावर बंधन आले नाही असे दुसरे गाव शोधून दोहोंची तुलना करील. दुसरा मार्ग धरला की प्रकल्पाला संशोधनाचे रूप येऊ लागते, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या आवाक्याबाहेर त्यात काहीही नाही.

आपल्या शास्त्रग्रंथांच्या परंपरेत आणखी दोन प्रथा अशा आहेत की त्या वर्गात सांगितल्या, तर अभ्यासलेखन ही बाहेरून आणलेली वस्तू वाटणार नाही. पहिली प्रथा पूर्वपक्षाची. सिद्धान्त मांडण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचे आणि मग त्याला उत्तर द्यायचे, हा शास्त्रचर्चेचा दंडक होता. ‘विंधन विहिरींवर बंदी असावी’ असे लिहिणाऱ्याने ज्या शेतकऱ्याची बाग उन्हाळ्यात जळत आहे आणि ज्याला दुसरे साधन नाही त्याची बाजू आधी नीट मांडली, तर त्याच्या लेखनाला वजन येते. ती बाजू दुबळी करून मांडली, तर जाणत्या वाचकाचा विश्वास उडतो. दुसरी प्रथा अनुबंधचतुष्टयाची: ग्रंथाचा विषय कोणता, तो कोणासाठी, त्याचे प्रयोजन काय आणि ग्रंथ व विषय यांचा संबंध कसा, या चार गोष्टी आरंभीच स्पष्ट करण्याची. शालेय निबंधाच्या प्रस्तावनेत ‘पाणी म्हणजे जीवन’ अशा वाक्याने सुरुवात करण्याचा जो प्रघात आहे, त्याऐवजी या चार प्रश्नांची उत्तरे चार वाक्यांत दिली तर प्रस्तावना लिहून झाली असे समजावे.

या ठिकाणी शालेय निबंधाविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा निबंध हा मते मांडण्याचा, खोडण्याचा आणि वाचकाला पटवण्याचा प्रकार म्हणून मराठीत स्थिरावला. पुढे शाळेत मात्र वर्णनात्मक व कल्पनाप्रधान निबंधांना अधिक वाव मिळाला, आणि सुभाषिते, काव्यपंक्ती व अलंकार यांनी सजलेला निबंध उत्तम मानला जाऊ लागला. कल्पनाशक्तीच्या वाढीसाठी त्याचे मोल आहेच. पण त्या सवयीने बारावीचा विद्यार्थी जलप्रकल्पाच्या निष्कर्षातही तहानलेल्या धरणीमातेची हाक ऐकवतो, तेव्हा दोन लेखनप्रकारांतील फरक त्याला कोणी सांगितलेला नाही एवढेच त्यावरून कळते. प्रश्नपत्रिकेतील आज्ञार्थी क्रियापदांचेही तसेच आहे. ‘स्पष्ट करा’ म्हणजे कसे व का ते उलगडणे, ‘तुलना करा’ म्हणजे एकाच निकषावर दोन्ही गोष्टी शेजारी ठेवणे, ‘चर्चा करा’ म्हणजे किमान दोन बाजू मांडून मग कौल देणे, ‘स्वमत लिहा’ म्हणजे मताबरोबर कारण देणे. चारही प्रश्नांना एकच पाठ केलेले उत्तर लिहिले जाते, ते विद्यार्थ्याला माहिती नसते म्हणून नव्हे. त्याच्याकडून काय मागितले आहे तेच त्याला उमगलेले नसते.

संदर्भ देण्याच्या पद्धतीत लेखकाचे नाव, ग्रंथ वा लेखाचे नाव, वर्ष व पृष्ठ एवढे सांगितले तरी या पातळीवर पुरेसे होते. संकेतस्थळ असेल तर ते पाहिल्याचा दिनांक जोडावा. दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून खपवणे याला वाङ्मयचौर्य म्हणतात, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये उच्च शिक्षणासाठी त्याविरुद्ध नियमही केले. परंतु कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थ्याला शिक्षेच्या धाकाने हे शिकवण्यापेक्षा संदर्भाचे खरे प्रयोजन सांगणे अधिक योग्य: वाचणाऱ्याला शंका आली तर त्याने मूळ जागी जाऊन पाहावे, यासाठी ठेवलेली ती वाट आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागेल त्या विषयावर क्षणात सफाईदार मजकूर देऊ लागल्यापासून ही वाट अधिकच महत्त्वाची ठरली आहे, कारण अशा मजकुरात न लिहिल्या गेलेल्या ग्रंथांचे संदर्भही कधीकधी आत्मविश्वासाने दिलेले आढळतात. शिवाय त्या मजकुरात विद्यार्थ्याच्या गावची विहीर नसते. विहिरीत दोर सोडून दर पंधरवड्याला मोजलेली पाण्याची खोली, तारीखवार नोंदवलेली, ही अशी सामग्री आहे की ती दुसऱ्या कोणाकडूनही उतरवून घेता येत नाही.

हे सारे वर्गात आणण्यातली अडचण खरी आहे. एका तुकडीत ऐंशी ते शंभर विद्यार्थी असतात, अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, विज्ञान शाखेतील कितीतरी मुले प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी दिवसाचा मोठा भाग शिकवणी वर्गात घालवतात, आणि प्रत्येकाचा निबंध तपासून शेरे देणे एका शिक्षकाला केवळ अशक्य असते. म्हणून लेखन लहान ठेवणे हाच उपाय दिसतो. आठवड्यातून एकदा विषयाच्या पुस्तकातील एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटून पाच ओळी लिहायच्या, आणि वही शेजारच्याकडे द्यायची. शेजाऱ्याने त्यात तीनच गोष्टी पाहायच्या: दावा कोणता, त्याला आधार कोठे, आणि ‘च’ कोठे आला आहे. शिक्षकाने त्यांतल्या पाच-सहा वह्या घेऊन एखादे वाक्य फळ्यावर लिहावे व सर्वांच्या देखत ते दुरुस्त करावे, म्हणजे चांगले वाक्य आधी कसे वाईट होते हे मुलांना दिसते. छापील पुस्तकात ते कधीच दिसत नाही, कारण तेथे खाडाखोड उरलेली नसते. पंधरा-वीस मिनिटांचे हे काम अर्थशास्त्राच्या तासाला होऊ शकते, जीवशास्त्राच्या तासालाही होऊ शकते. आणि वर्षाच्या पंचवीस-तीस आठवड्यांत एका वहीत जमलेल्या सव्वाशे-दीडशे ओळी प्रकल्प लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या हाताशी राहतात.